वाचकांचे प्रश्न : राउटरचे रीबूट आणि बूट फर्मवेअर

राउटर रीबूट करताना येणाऱ्या अडचणी आणि त्याच्या बूट फर्मवेअरचे (वीज मिळताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) अपग्रेड या दोन विषयांवरील पत्रांना या वेळी एकत्रित उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेतील मुख्य राउटर तीन वर्षांहून अधिक काळ एकदाही बंद न होता चालू आहे. लवकरच वीजव्यवस्थेच्या कामासाठी तो बंद करावा लागणार आहे. ‘चालते आहे त्याला हात लावू नका’ असे ज्येष्ठ सहकारी म्हणतात आणि खरे सांगायचे तर मलाही धाकधूक वाटते. ही भीती अनाठायी आहे का?

उत्तर : भीती अनाठायी नाही. मात्र राउटर बंद होण्याची चिंता करण्यापेक्षा तो पुन्हा उठताना काय वाचून उठणार आहे, याची चिंता करावी. अनेक राउटर सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज, म्हणजे तिची फाइल, फ्लॅश या कायमच्या साठवणीतून रॅम या तात्पुरत्या मेमरीत उतरवून घेतात आणि पुढे रॅममधूनच काम करतात. जागा मोकळी करण्याच्या नादात मधल्या काळात कोणी ती इमेज फ्लॅशमधून पुसली असली, तरी चालू राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. कॉन्फिगरेशनचेही तसेच असते. तीन वर्षांत केलेला एखादा बदल केवळ चालू कॉन्फिगरेशनमध्ये असेल आणि तो सेव्ह केलेला नसेल, तर रीबूटनंतर तो नाहीसा होईल आणि ज्याने तो केला होता, तो माणूस बहुधा तोवर नोकरी सोडून गेलेला असेल.

म्हणून बंद करण्याच्या तारखेची वाट न पाहता आजच राउटरची तपासणी करावी. सिस्को या उत्पादकाच्या पारंपरिक राउटरवर ‘शो व्हर्जन’ हा आदेश दिल्यास उत्तराच्या अगदी शेवटच्या ओळीत कॉन्फिगरेशन रजिस्टरची, म्हणजे राउटर कसा उठणार हे ठरवणाऱ्या नोंदीची, किंमत दिसते. ती सर्वसाधारणपणे ०एक्स२१०२ असते. तेथे ०एक्स२१४२ दिसली, तर पूर्वी कोणीतरी विसरलेला पासवर्ड मोडून आत जाण्यासाठी ती बदलली आणि काम झाल्यावर पूर्ववत केली नाही, असे समजावे. अशा स्थितीत राउटर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो, पण पुन्हा सुरू होताना तो सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनकडे दुर्लक्ष करतो आणि कारखान्यातून नुकताच आल्यासारखा कोरा उभा राहतो. या ओळीची आणखी एक खुबी अशी, की किंमत बदलल्यानंतर सध्याची किंमत आणि पुढील रीबूटच्या वेळी लागू होणारी किंमत अशा दोन्ही तेथे दिसतात. आपल्याला दुसरीशी कर्तव्य आहे.

त्यानंतर कॉन्फिगरेशनमधील ‘बूट सिस्टिम’च्या ओळींत ज्या फाइलचे नाव आहे, ती फाइल त्याच नावाने फ्लॅशमध्ये आहे का, हे अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. चालू आणि सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनमधील फरक काढावा, प्रत्येक फरकाचे कारण शोधावे आणि मगच सेव्ह करावे. घाईने सेव्ह केल्यास तात्पुरता म्हणून केलेला एखादा बदल कायमचा होऊन बसतो. शेवटी कॉन्फिगरेशनची एक प्रत राउटरच्या बाहेर, दुसऱ्या यंत्रावर ठेवावी.

आता हार्डवेअरविषयी. सिस्कोने २०१४ मध्ये स्वतःच जाहीर केले होते, की काही उपकरणांमधील, २००५ ते २०१० या काळात बनलेले मेमरीचे घटक सदोष होते आणि चालू असताना निर्धोक वाटणारे असे उपकरण बंद करून सुरू करताना निकामी होऊ शकत होते. जुन्या पॉवर सप्लायचीही तीच गत असते. गरम अवस्थेत तो वर्षानुवर्षे तग धरतो आणि एकदा थंड झाला की उठत नाही. नुसत्या रीलोडमध्ये, म्हणजे आदेशाने केलेल्या रीबूटमध्ये, वीज खंडित होत नसल्यामुळे हा दोष उघड होत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की वीजकामाच्या आधीच्या एखाद्या सोयीच्या रात्री, पर्यायी राउटर किंवा निदान पर्यायी पॉवर सप्लाय हाताशी ठेवून, प्रथम आदेशाने रीलोड करावे आणि ते सुरळीत झाल्यावर वीज काढून पुन्हा द्यावी. त्यामुळे कॉन्फिगरेशनचे दोष आणि हार्डवेअरचे दोष वेगवेगळे समोर येतात. वीजकामाच्या दिवशी दोन्ही एकदम अंगावर आले, तर कशाने काय झाले, हे उलगडण्यातच सारा वेळ जातो.

प्रश्न : आमच्या मॉनिटरिंगमध्ये एक राउटर मध्यरात्री रीबूट झाल्याची सूचना आली. राउटरवर पाहिले तर तो दीड वर्षाच्या आसपास अखंड चालू आहे. खोटे कोण बोलत आहे?

उत्तर : दोघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत. मॉनिटरिंग ज्या एसएनएमपी प्रोटोकॉलने राउटरची माहिती घेते, त्यातील ‘सिसअपटाइम’ हा चालू काळाचा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि त्यासाठी ३२ बिटांची जागा असते. ती सुमारे ४९७ दिवसांत भरते आणि मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू होते. मॉनिटरिंगला आकडा एकाएकी लहान झालेला दिसतो, म्हणून ते रीबूट झाल्याचे गृहीत धरते. अनेक राउटर एसएनएमपी इंजिनाचा चालू काळ सेकंदांत वेगळा देतात. मॉनिटरिंगमध्ये तो आकडा जोडल्यास अशा खोट्या सूचना थांबतील.

प्रश्न : आम्ही मायक्रोटिकच्या राउटरवरील राउटरओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम नियमितपणे अपग्रेड करतो, पण ‘सिस्टिम राउटरबोर्ड’ या भागात फर्मवेअरची आवृत्ती जुनीच दिसते. सिस्कोच्या राउटरवरील रॉममॉन तर खरेदीच्या दिवसापासून तसाच आहे. दोन्ही अपग्रेड करावेत का? आणि ते करत असताना वीज गेली तर?

उत्तर : प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. राउटरला वीज मिळताच सर्वांत आधी चालते ते बूट फर्मवेअर. प्रोसेसर, मेमरी आणि फ्लॅश यांना कामाला लावणे, इमेज शोधणे आणि तिच्या हाती कारभार सोपवणे एवढेच त्याचे काम. सिस्कोमध्ये त्याला रॉममॉन म्हणतात, मायक्रोटिकमध्ये राउटरबूट, तर इतर अनेक लहान राउटरमध्ये यू-बूट असतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्यानंतर येते. म्हणून राउटरओएस अपग्रेड केल्याने राउटरबूट आपोआप बदलत नाही. नवे बूट फर्मवेअर राउटरओएसच्या पॅकेजबरोबर राउटरवर येऊन पोहोचते आणि ‘अपग्रेड फर्मवेअर’च्या पुढे त्याची आवृत्ती दिसू लागते, पण अपग्रेडचा आदेश देऊन राउटर पुन्हा रीबूट करेपर्यंत ‘करंट फर्मवेअर’ जुनेच राहते. म्हणजे एका पूर्ण अपग्रेडला दोन रीबूट लागतात. ‘ऑटो अपग्रेड’ चालू ठेवले तरी दुसरा रीबूट चुकत नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच राहून गेलेला असतो. आपल्याकडेही असेच झालेले दिसते.

मायक्रोटिकच्या बाबतीत दोन्ही आवृत्त्या बरोबरीने पुढे नेणे सोयीचे ठरते. रॉममॉनविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. त्याला हात लावण्यासाठी सबळ कारण हवे. आपल्याला हव्या असलेल्या इमेजच्या रिलीज नोट्समध्ये किमान रॉममॉन आवृत्ती नमूद केलेली असेल, नवे मॉड्यूल किंवा वाढीव मेमरी जुन्या रॉममॉनला ओळखता येत नसेल, अथवा सुरक्षेसंबंधी सूचना निघाली असेल, तर अपग्रेड जरूर करावे. केवळ आकडा जुना दिसतो म्हणून करू नये. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपग्रेड फसले तर तिला सावरायला बूट फर्मवेअर असते, पण खुद्द बूट फर्मवेअर फसले तर त्याच्या खाली सावरणारे काही नसण्याची शक्यता असते.

सुरक्षेचे कारण कमी लेखण्याजोगे नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सिस्कोने इशारा दिला होता, की काही हल्लेखोर प्रशासकाचा खरा पासवर्ड मिळवून राउटरमधील रॉममॉनच बदलून टाकत आहेत. अशा राउटरवर ऑपरेटिंग सिस्टिम कितीही वेळा नव्याने टाकली तरी काही उपयोग होत नाही, कारण तिच्या आधी चालणारा भागच परक्याच्या ताब्यात असतो. २०१९ च्या मे महिन्यात ‘थ्रँग्रीकॅट’ या नावाने गाजलेला दोष तर त्याहूनही खालच्या थरातला होता. बूट फर्मवेअर अस्सल आहे का, हे तपासणारी चिपच त्यामुळे चकवता येत होती. त्यावर उपाय करताना प्रोग्रॅमिंग अर्धवट राहिल्यास उपकरण निकामी होऊन बदलावे लागू शकते, असे खुद्द उत्पादकानेच बजावले होते.

वीज जाण्याविषयीची आपली शंका रास्त आहे. रॉममॉन लिहिला जात असताना कन्सोलवर (राउटरला थेट तारेने जोडलेल्या पडद्यावर) काही काळ काहीच उमटत नाही, आणि याच क्षणी ‘अडकला वाटते’ म्हणून स्विच बंद करण्याचा मोह होतो. तो आवरावा. राउटर यूपीएसवर असावा आणि त्या यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते, याची आधी खात्री करून घ्यावी. सिस्कोच्या काही राउटरमध्ये रॉममॉनच्या दोन प्रती असतात. एक कारखान्यातली, न पुसता येणारी आणि दुसरी अपग्रेड करता येणारी. दुसरी बिघडल्यास राउटर पहिलीवर उठतो. मायक्रोटिकच्या बहुतेक बोर्डांवरही राउटरबूटची राखीव प्रत असते, आणि रीसेटचे बटण दाबून धरून वीज दिल्यास राउटर त्या प्रतीवरून सुरू होतो. ज्या बोर्डावर अशी सोय नाही, तेथे फसलेले अपग्रेड म्हणजे फ्लॅश चिपला बाहेरून प्रोग्रॅमर जोडून लिहिणे, किंवा सरळ नवा राउटर घेणे.

बूट फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे दोन्ही बदल एकाच रीबूटमध्ये उरकू नयेत. आधी बूट फर्मवेअर बदलून जुन्याच इमेजवर राउटर उठतो का ते पाहावे, दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग इमेज बदलावी. दोन्ही बदल एकत्र केले आणि राउटर उठला नाही, तर दोष कोणाचा हे ठरवायला जागाच उरत नाही. मायक्रोटिकमध्ये वर सांगितल्याप्रमाणे राउटरओएस आधी येते. उत्पादकाच्या सूचनांत क्रम दिलेला असेल, तर अर्थातच तो पाळावा. दोन नियंत्रक कार्ड असलेल्या मोठ्या राउटरमध्ये दोन्ही कार्डांवरील बूट फर्मवेअर वेगवेगळे तपासावे लागते. राखीव कार्ड वर्षभर निवांत बसून असते आणि त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते.

प्रश्न : आमचे काही राउटर दूरच्या केंद्रांवर आहेत आणि तेथे तांत्रिक माणूस नाही. कॉन्फिगरेशन बदलताना किंवा नवी इमेज चढवताना संपर्क तुटला, तर प्रवास करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. यावर उपाय काय?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळे धोके आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिला धोका चुकीच्या कॉन्फिगरेशनचा. सिस्कोवर काम सुरू करण्यापूर्वी ‘रीलोड इन १०’ असा आदेश द्यावा. दहा मिनिटांत ‘रीलोड कॅन्सल’ दिले नाही, तर राउटर स्वतःहून रीबूट होतो आणि सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर परततो. मात्र आधीचे काही बदल सेव्ह व्हायचे राहिले असतील तर हा आदेश देताच राउटर ‘सेव्ह करू का?’ असे विचारतो. तेथे सवयीने ‘हो’ म्हणण्यापूर्वी ते बदल कोणाचे आहेत, हे जाणून घ्यावे. आणि काम चालू असताना मध्येच सेव्ह केल्यास परतीचा मार्ग आपणच बंद करतो. कॅन्सल आधी आणि सेव्ह नंतर, हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे.

रीबूट न करताही हे साधते. ज्युनिपरच्या जुनोस या प्रणालीत बदल लागू करताना (कमिट) ‘कमिट कन्फर्म्ड’ दिल्यास आणि ठरलेल्या वेळेत, काहीच न सांगितल्यास दहा मिनिटांत, दुसऱ्यांदा कमिट न केल्यास जुने कॉन्फिगरेशन आपोआप लागू होते. मायक्रोटिकमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबून ‘सेफ मोड’ चालू केला, की संपर्क तुटल्यावर काही वेळाने त्या सत्रातील बदल मागे घेतले जातात. ज्यांच्याकडे ही सोय आहे, त्यांनी रीलोडच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा धोका नव्या इमेजचा, आणि येथे ‘रीलोड इन’ कामाचा नाही, कारण इमेजच उठली नाही तर वेळ मोजणार कोण? यासाठी ‘बूट सिस्टिम’च्या दोन ओळी ठेवाव्यात, पहिली नव्या इमेजची आणि दुसरी जुन्या इमेजची. राउटर त्या क्रमाने वाचतो. पहिली फाइल सापडली नाही किंवा तपासणीत खराब निघाली, तर तो दुसरीकडे वळतो. पण नवी इमेज नीट उठून नंतर गडबड करत असेल, तर ही युक्ती तोकडी पडते. सिस्कोच्या नव्या प्रणालींत इन्स्टॉल पद्धतीने अपग्रेड केल्यास ‘इन्स्टॉल कमिट’ देईपर्यंत बदल तात्पुरता मानला जातो आणि मुदत संपल्यावर राउटर जुन्या आवृत्तीवर परत येतो. आपले राउटर या पद्धतीला पात्र असतील, तर दूरच्या केंद्रांसाठी मी हीच पद्धत सुचवेन.

इमेज राउटरवर उतरवल्यानंतर तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणारा आकडा) राउटरवरच काढून उत्पादकाने दिलेल्या चेकसमशी ताडून पाहावा. आपल्या संगणकावर काढलेला चेकसम पुरेसा नाही, कारण फाइल बिघडते ती बहुधा वाटेत. टीएफटीपी ही फाइल पाठवण्याची साधी पद्धत वापरत असाल तर विशेष काळजी घ्यावी. त्याच्या मूळ रचनेत ५१२ बाइटचे तुकडे आणि १६ बिटांचा क्रमांक असल्यामुळे जुने सर्व्हर सुमारे ३२ मेगाबाइटच्या पुढे फाइल पाठवू शकत नाहीत.

एवढे करूनही राउटर रॉममॉनच्या प्रॉम्प्टवर येऊन थांबला, तर कन्सोलशिवाय तरणोपाय नाही. म्हणून अशा केंद्रांवर कन्सोलला जोडलेला, मुख्य जोडणीवर अवलंबून नसलेला मोबाइल मोडेम ठेवावा. कन्सोलवरून इमेज चढवणे शक्य असते, पण सेकंदाला ९६०० बिट या वेगाने ३२ मेगाबाइटची फाइल जायला जवळजवळ पावणेदहा तास लागतात. रॉममॉनमध्ये वेग १,१५,२०० केल्यास हेच काम सुमारे ५० मिनिटांवर येते. त्यापेक्षा नीट चालत असलेली इमेज यूएसबी ड्राइव्हवर टाकून तो राउटरला आधीच लावून ठेवणे शहाणपणाचे.

प्रश्न : आमच्याकडे दोन मुख्य राउटर आहेत. एक रीबूट केला की रहदारी दुसऱ्यावर व्यवस्थित जाते. पण पहिला परत आल्यावर काही मिनिटे अनेक ठिकाणांचा संपर्क तुटतो. जाताना नाही आणि येताना तुटतो, हे कसे?

उत्तर : राउटर परतल्यावर ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस (नेटवर्कच्या आतले मार्ग ठरवणारे प्रोटोकॉल) काही सेकंदांत उभे राहते आणि शेजारी त्याच्याकडे रहदारी पाठवू लागतात. बाहेरच्या नेटवर्कचे मार्ग सांगणाऱ्या बीजीपीचे सर्व मार्ग मिळून तक्त्यात बसायला मात्र काही मिनिटे लागतात. या मधल्या काळात राउटरकडे रहदारी आलेली असते, पण पुढचा रस्ता ठाऊक नसतो, म्हणून तो ती टाकून देतो.

उपाय प्रोटोकॉलमध्येच आहे. ओएसपीएफमध्ये ‘मॅक्स मेट्रिक’ आणि आयएस-आयएसमध्ये ‘ओव्हरलोड बिट’ (‘माझ्यामार्गे शक्यतो जाऊ नका’ असे शेजाऱ्यांना सांगणारी खूण) रीबूटनंतर काही काळ आपोआप लागू राहील, अशी व्यवस्था करावी. अनेक उत्पादकांकडे ‘बीजीपी पूर्ण होईपर्यंत थांब’ असा पर्यायही असतो. ओएसपीएफमधील ही पद्धत २००१ मध्ये आरएफसी ३१३७ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने मांडली आणि २०१३ मध्ये आरएफसी ६९८७ ने ती सुधारली. दोन राउटरपैकी मुख्य कोण हे ठरवणारा व्हीआरआरपी वापरत असाल, तर प्रीएम्प्टला (मुख्यपद परत घेण्याला) पुरेसा विलंब द्यावा, म्हणजे परतलेला राउटर तयारी होण्याआधीच मुख्यपद मागणार नाही.

जातानाही शिस्त पाळावी. आपल्याकडे सध्या तुटत नाही, हे बरे आहे, तरी रीबूटपूर्वी हाच मेट्रिक हाताने वाढवून आणि बीजीपी शेजाऱ्यांना पाठवायच्या मार्गांवर ६५५३५:० ही कम्युनिटी, म्हणजे खूण, लावून रहदारी वळवून घ्यावी. २०१८ च्या आरएफसी ८३२६ मध्ये ही कम्युनिटी याच कामासाठी ठरवून दिली आहे, पण शेजारी तिचा मान राखतो की नाही, हे त्याला विचारून घ्यावे. इंटरफेसवरची रहदारी जवळपास शून्यावर आलेली डोळ्यांनी पाहिल्यावरच रीलोड द्यावे.

प्रश्न : आमच्या लहान कार्यालयातील राउटर आठ-दहा दिवसांनी संथ होतो, म्हणून आम्ही दर रविवारी तो आपोआप रीबूट होईल असे केले आहे. यात काही गैर आहे का? रीबूटमुळे राउटरमधील व्हायरसही जातो, असे ऐकले आहे.

उत्तर : गैर नाही, पण ही मलमपट्टी आहे. एखादी प्रक्रिया मेमरी घेऊन परत करत नसेल तर असे होते. आठवडाभर रोज ठरावीक वेळी मोकळ्या मेमरीचा आकडा नोंदवावा. तो सतत उतरत असेल, तर नवी आवृत्ती चढवून पाहावी. लॉग बाहेरच्या सर्व्हरवर पाठवण्याची सोय करावी, कारण रॅममधील लॉग रीबूटबरोबर पुसला जातो आणि आपला रविवारचा रीबूट दर आठवड्याला पुरावाच नष्ट करत असतो.

व्हायरसविषयी ऐकलेले अर्धसत्य आहे. २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ हा राउटरमधला व्हायरस उघडकीस आला, तेव्हा सिस्कोच्या टॅलोस या संशोधन गटाच्या अंदाजानुसार ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणे त्याच्या विळख्यात होती आणि अमेरिकेच्या एफबीआयने राउटर रीबूट करण्याचे आवाहन केले होते. रीबूटने त्याचे दुसरे आणि तिसरे टप्पे पुसले जात, पण पहिला टप्पा राउटरवर टिकून राहत असे आणि संधी मिळताच उरलेले भाग पुन्हा मागवत असे. शंका असल्यास फॅक्टरी रीसेट, नवे फर्मवेअर, नवा पासवर्ड आणि बाहेरून येणारा प्रशासनाचा मार्ग बंद, हे सारे करावे लागते.

प्रश्न : वीज जाऊन आल्यावर एका शाखेचा व्हीपीएन जोडला जात नाही. लॉगमध्ये तारीख १९७० ची दिसते. तासाभराने हाताने तारीख घातली की सर्व ठीक होते.

उत्तर : आपल्या राउटरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. असे राउटर उठताना एखाद्या ठरावीक तारखेपासून सुरुवात करतात. सिस्कोचे जुने राउटर तर १ मार्च १९९३ पासून करत. त्या तारखेला आपले सर्टिफिकेट (राउटरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र) अस्तित्वातच नसते, म्हणून व्हीपीएन ते अमान्य करतो. अचूक वेळ देणारा एनटीपी सर्व्हर त्या व्हीपीएनच्या पलीकडे असेल, तर वेळेशिवाय व्हीपीएन नाही आणि व्हीपीएनशिवाय वेळ नाही, अशी कोंडी होते. व्हीपीएनवर अवलंबून नसलेला, थेट इंटरनेटवरून मिळणारा एनटीपी सर्व्हर द्यावा. त्याच्या नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएसदेखील व्हीपीएनच्या पलीकडे नाही ना, हे पाहावे, आणि बदल सेव्ह केल्यावर एकदा मुद्दाम वीज काढून चाचणी घ्यावी. नुसत्या रीबूटमध्ये काही राउटर घड्याळाची वेळ जपून ठेवतात, त्यामुळे तेवढ्याने हा दोष दिसेलच असे नाही.